दृश्यमान योगदान

आमच्या गटाला चित्रपट करायचा नव्हता, चित्रपटाची फक्त सुरुवात करायची होती. संस्थेची विभागणी तशीच होती: पहिल्या वर्षाने सुरुवात करायची, दुसऱ्याने मध्य आणि तिसऱ्याने शेवट. तिन्ही वर्षांत गोष्ट एकच असावी, असा आग्रह कुठेही धरलेला नव्हता. त्यामुळे संस्थेच्या कपाटात उत्तम सुरुवाती होत्या, उत्तम शेवट होते, आणि आजवर तिथून एकही चित्रपट बाहेर पडलेला नव्हता.

गटात आम्ही सहा जण. दिग्दर्शक नेहमी दोन्ही हातांची चौकट करून त्यातून जगाकडे पाहत असे, आणि जेवताना त्याची फार अडचण होई. कॅमेरावाली रागीट होती. ध्वनीवाला कानांवरचे हेडफोन कधीच काढत नसे, त्यामुळे त्याला कुणाचे काही ऐकू येत नसे. प्रकाशयोजनेच्या मुलीला आम्ही उजेड म्हणत असू, कारण तिच्या डोक्यात तो जरा उशिरा पडे. मी संकलक, म्हणजे चौघांनी मरमर करून आणलेले कापणारा. सहावा अंगठा. त्याला कुणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, पण गटाच्या चॅटवर कुठलाही निरोप टाकला की खाली त्याचा अंगठा उमटायचा. उद्या शूटिंग आहे, अंगठा. शूटिंग रद्द, अंगठा. तू कुठे मेलास, अंगठा.

आमची सुरुवात साधी होती. दुपारची वेळ, रिकामी खोली. दारावर टकटक होते. आतून एक बाई येते, दार उघडते आणि बाहेर पाहते. तिच्या चेहऱ्यावर चित्र थांबते, नाव येते, संपले. बाईचे काम माझ्या आत्याला दिले, कारण दार तिचे होते.

आत्या पाणीपुरवठा कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर बसते. खिडकीला दुधी काच आहे आणि खाली हात जाईल एवढी फट. कागद आत, कागद बाहेर. अर्ध्या गावाने तिचा उजवा हात ओळखावा आणि चेहरा कुणी ओळखू नये, अशी ही नोकरी. एकदा भाजी घेताना तिने पिशवी पुढे केली, तर भाजीवाला तिच्या हाताकडे बघून म्हणाला, "पाण्याच्या ऑफिसातल्या बाई ना? आमच्या नळाचं काय झालं?" आत्या ही गोष्ट हसत सांगते, पण ती सारखी सांगते.

सिनेमाचे विचारले तेव्हा तिने एकच अट घातली. "चेहरा दिसेल ना रे? हात काय, रोजच दाखवते."

"अगं, चेहराच आहे त्यात. दुसरं काही नाहीच," मी म्हणालो.

"शब्द दे."

मी दिला. संकलकाने शब्द देऊ नये, हे पुढे कळले.

पहिल्या दिवशी आत्याने एका फटक्यात काम केले. टकटक झाली, ती पदर सावरत आली, दार उघडले, आणि बाहेर पाहताना तिच्या चेहऱ्यावर जे काही आले त्याला काय म्हणावे हे मला आजही सांगता येत नाही. आधी त्रासलेली होती, मग ओळख पटली, मग ओळख पटल्याचे लपवावे की नाही अशा विचारात पडली. कॅमेरावाली कॅमेरा थांबवायला विसरली. दिग्दर्शकाच्या हातांची चौकट सुटली. उजेड म्हणाली, "आत्या, तुम्ही हे कुठे शिकलात?" त्यावर ध्वनीवाल्याने विचारले, "सुरू करायचं का?"

आम्ही तो तुकडा जोडून, घासूनपुसून मार्गदर्शक मॅडमना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. आम्ही तेव्हाच सावध व्हायला हवे होते. "आता मला सांगा, यात तुमचं काय आहे?"

"सगळं आमचंच आहे, मॅडम," दिग्दर्शक म्हणाला.

"दिसत नाही ना."

त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे परिपत्रक होते: समूहकार्यात प्रत्येक सदस्याचे योगदान दृश्यमान असणे अनिवार्य राहील. कोणे एके वर्षी एका मुलाने गटात बसून काहीही न करता पहिला क्रमांक पटकावला होता. त्याच्यासारखा दुसरा कुणी निपजू नये म्हणून हा नियम आला होता.

"प्रकाश कुणाचा?" मॅडमनी विचारले.

"माझा," उजेड म्हणाली.

"मला तर वाटलं नुसती दुपार आहे."

"तसंच वाटायला हवं होतं, मॅडम. सकाळी साडेसात—"

"म्हणजे तू काम केलंस आणि ते लपवलंस." मॅडमनी मान हलवली. "आवाज?"

ध्वनीवाला प्रसन्न हसला. आम्ही त्याचा एक कान उघडा केला. "टकटक माझी आहे," तो म्हणाला.

"ती ऐकू आली. पण दिसली कुठे? आणि संकलन?"

"मी, मॅडम. तीन ठिकाणी कापलंय."

"मला एकही जागा कळली नाही."

हे कौतुक आहे असे समजून मी क्षणभर लाजलो.

मॅडम वाईट नव्हत्या. उलट त्या आमच्या भल्यासाठीच कळवळत होत्या. "नियम मी केलेला नाही रे," त्या म्हणाल्या. "मला तुम्हाला गुण द्यायचेत, भरभरून द्यायचेत. पण ठेवायला जागा द्या."

आम्ही जागा करायला लागलो.

सर्वांत सोपे ध्वनीवाल्याचे होते. त्याचा केसाळ माइक वरून चौकटीत सोडला. "हे मांजर का टांगलंय?" आत्याने विचारले. तिला समजावून सांगितले. मग उजेडचा दिवा दाराशेजारी उभा केला. पण दिवा नुसता पेटलेला असला तर तो संस्थेचाही असू शकतो, अशी शंका निघाली. म्हणून टकटक झाल्यावर आधी उजेडने स्वतः खोलीत यायचे, बटण दाबायचे, प्रेक्षकांकडे एकवार बघायचे आणि जायचे, मग आत्याने यायचे असे ठरले. दिव्याचा झोत थेट डोळ्यांत येत असल्याने आत्याच्या चेहऱ्यावरचे ते अवघड भाव गेले आणि त्यांच्या जागी मिचमिचे डोळे आले.

कॅमेरावालीचा पेच मोठा होता. कॅमेरा सगळे दाखवतो, स्वतः मात्र दिसत नाही. "म्हणजे मरेस्तोवर राबायचं मी, आणि दिसायचं सगळ्यांनी," ती म्हणाली. तिची समजूत घालायला आत्याच्या कपाटाचा आरसा उतरवून दारासमोर आणला. आता आरशात कॅमेरा दिसत होता, कॅमेऱ्यामागे तिचे नाक दिसत होते आणि अर्धे चित्र त्यातच संपत होते.

"माझं योगदान अमूर्त आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"मग तुला गुणही अमूर्तच मिळतील," कॅमेरावाली म्हणाली.

तेव्हा त्याचा हात डाव्या बाजूने चौकटीत आणून दाराकडे दाखवायचे ठरले. तो हात कुणाचाही असू शकतो, असे मॅडम म्हणाल्या. म्हणून पुढच्या खेपेला त्याचे डोकेही आले, आणि डोके आले म्हटल्यावर तोंड आलेच. "आता ती उठेल," ते तोंड म्हणू लागले. "आता ती चालेल. बघा, चालली."

राहिलो मी. "प्रेक्षकाला ठेच लागली पाहिजे," मॅडमनी मला सांगितले. "इथे कुणीतरी कापलंय, हे त्याला कळलं पाहिजे." मी कापत सुटलो. आत्या दार उघडते, की लगेच दार बंद आहे. आत्या पुन्हा उघडते, तेवढ्यात ती उलट्या बाजूने येते. मग नुसती कडी, मग नुसती चप्पल. पाहणाऱ्याला गरगरावे असे संकलन मी आयुष्यात प्रथमच केले, आणि खोटे कशाला बोलू, मला मजा आली. आम्हाला सगळ्यांनाच येत होती. जो तो मान वर करून पडद्यात स्वतःला शोधत होता आणि सापडल्यावर खिदळत होता. असा एकोपा आमच्यात पूर्वी कधी नव्हता.

मॅडमनी हे पाहून समाधान व्यक्त केले. मग त्या जरा अडखळल्या. "माझंही काहीतरी दिसायला हवं, नाही का? वर मलाही विचारतात." त्यांचे योगदान मार्गदर्शनाचे असल्यामुळे आत्याने कुठून कुठे चालायचे हे दाखवणारा मोठा लाल बाण फरशीवर काढण्यात आला. विभागप्रमुखांचे योगदान असे की त्यांनी कुणाला अडवले नव्हते. ते दाखवण्यासाठी खोलीचा एक कोपरा मोकळा ठेवला.

आत्या रजा टाकून टाकून येत होती. प्रत्येक वेळी साडी तीच, केस तसेच, आणि सुरुवातीला प्रश्न तोच. "चेहरा येतोय ना रे?" मी हो म्हणायचो. एकदा बाणावरून चालता चालता ती थांबली आणि म्हणाली, "मला एक सांगा, हे बाहेर—" पण तेवढ्यात माइक तिच्या डोक्याला लागला आणि सगळे माइककडे धावले.

चेहऱ्याचा प्रश्न निघाला तो याच सुमारास, आणि तो कॅमेरावालीने काढला. "आत्यांचा चेहरा जो दिसतो," ती म्हणाली, "तो कुणाच्या नावावर धरायचा? टिपला मी."

"उजेड पडला म्हणून टिपलास," उजेड म्हणाली. इतक्या चटकन तिच्या लक्षात आलेली ही पहिलीच गोष्ट.

"भाव माझा आहे," दिग्दर्शक म्हणाला. "तो मी मनात आणला होता."

"तो तिचा चेहरा आहे," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. मॅडमना विचारले, तर त्यांनी चष्मा पुसला. "आत्या सदस्य नाहीत ना. त्यांचं काम कितीही चांगलं असलं तरी ते वैयक्तिक आहे, समूहाचं नाही. आणि एवढं चांगलं वैयक्तिक काम मध्यभागी राहिलं, तर तुमचं सामूहिक दिसत नाही."

"मग आत्याला सदस्य करून घेऊ."

"प्रवेश बंद झालेत," मॅडम म्हणाल्या. "शिवाय बारावीची गुणपत्रिका लागेल."

मी हट्टाला पेटलो. चेहरा राहिलाच पाहिजे, नाहीतर मी कापणार नाही, असे बोलून बसलो. मला धरून दोन बाजूने, दोन विरुद्ध आणि ध्वनीवाल्याला विषयच कळलेला नाही, अशी परिस्थिती झाली. दिग्दर्शकाने चॅटवर लिहिले: चेहरा ठेवायचा की काढायचा? खाली अंगठा उमटला. तो ठेवण्याला होता की काढण्याला, यावर बराच खल झाला. शेवटी दिग्दर्शकाने तो काढण्याच्या बाजूने धरला, कारण 'काढायचा' हा शब्द अंगठ्याला जवळ होता.

आणि अंगठा उमटला तसा अंगठ्याचाच प्रश्न उभा राहिला.

"त्याचं योगदान कुठे आहे?" मॅडमनी विचारले.

"त्याने काहीच केलेलं नाही, मॅडम," आम्ही एका सुरात म्हणालो.

"ते मला माहीत आहे. पण ते दिसत नाहीये. नियमात प्रत्येक सदस्य म्हटलंय. त्याने काही केलं असतं तर ते दाखवायला हवं होतं. काही केलं नाही, तर तेही दाखवायला हवं."

"काही न केलेलं कसं दाखवायचं?"

"हा तुमचा सर्जनशील प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

आम्ही एक रिकामी खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली. तो कोपरा विभागप्रमुखांचा निघाला. खुर्ची बाजूला सरकवली, तर ती दिव्याच्या मानाने लहान दिसू लागली आणि अंगठ्यावर अन्याय होतोय असे मॅडमना वाटले. करता करता खुर्ची मध्यभागी, दाराला टेकून आली. अंगठ्याला फोटो पाठवला. अंगठा आला.

आता दार वीतभरच उघडत होते. आरसा, दिवा, बाण, दिग्दर्शकाचे डोके आणि खुर्ची यांतून आत्याला उभे राहायला खोलीत जागा उरली नव्हती. तिच्याच घरात तिला कुठे ठेवावे, यावर आमची मोठी बैठक झाली. शेवटी तोडगा निघाला. आत्याने बाहेर, जिन्यात उभे राहायचे आणि फटीतून हात आत घालून आतली साखळीची कडी काढायची. म्हणजे दार आतूनच उघडल्यासारखे दिसेल आणि कुणाचे काही झाकले जाणार नाही.

मी जिन्यात गेलो तेव्हा आत्या केसांवरून हात फिरवत उभी होती.

"हात घालायचा," मी म्हणालो. "फक्त हात."

तिने केसांवरचा हात खाली घेतला. मला लाज वाटत होती, पण आतून सगळे हाका मारत होते. "उजवाच ना?" तिने विचारले. मी मान हलवली. तिने फटीत हात घातला, आणि काय सांगू, इतक्या सराईतपणे घातला की दिग्दर्शक आतून म्हणाला, "वा, आता कसं नैसर्गिक वाटतंय."

सादरीकरणाच्या दिवशी सभागृह भरले होते. आत्याने आधीच सगळ्यांना सांगून ठेवले होते आणि ते परत घेण्याची तिची छाती झाली नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या दोन रांगा आल्या होत्या. आत्या त्यांच्या मधोमध पाठ ताठ करून बसली होती.

टकटक झाली. उजेड आली, बटण दाबून गेली, आणि तिच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माइक उतरला, त्याला टाळ्या. आरशात नाक दिसले, त्यालाही. मॅडमच्या बाणाला शिक्षकवर्गातून दाद मिळाली. विभागप्रमुख आपल्या मोकळ्या कोपऱ्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होते. मग खुर्चीमागचे दार वीतभर उघडले, एक हात आत आला आणि त्याने कडी काढली.

"अरे, आपल्या बाई," पाणीपुरवठ्याच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, आणि जो काही टाळ्यांचा पाऊस पडला तो विचारू नका. मागच्या बाजूचा एक गृहस्थ सवयीने खिशातला अर्ज काढून उभाच राहिला. त्याला खाली बसवावे लागले.

परीक्षक बाहेरून बोलावलेले होते, पण संस्थेचेच जुने विद्यार्थी. कोणे एके वर्षी पहिला क्रमांक मिळवलेले. त्यांनी आमच्या धाडसाचे कौतुक केले. निर्मितीची प्रक्रियाच निर्मिती होते, असे काहीसे ते म्हणाले, आणि आम्ही ते लिहून घेतले. मला काही गुण कमी पडले. एके ठिकाणी माझे संकलन जाणवले नाही, अशी त्यांची तक्रार होती. सर्वांत जास्त गुण मिळाले ते खुर्चीला. "इतरांनी आपलं योगदान दाखवण्याची धडपड केली आहे," परीक्षक म्हणाले, "पण या एका सदस्याचा संयम बघा. तो कुठेही आड येत नाही." आम्ही हे अंगठ्याला कळवले. त्याने अंगठा पाठवला.

आत्या आणि मी चालत घरी निघालो. वाटेत तिला दोघांनी थांबवले. एकाने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, फार सुंदर काम." तो हाताशीच बोलत होता.

"आत्या, मी शब्द दिला होता," मी म्हणालो.

"असू दे. लोक खूश झाले ना." ती थोडी चालली. "मला एक सांग. बाहेर कोण होतं?"

"कुठे?"

"तुमच्या सिनेमात. टकटक कोणी केली? इतके दिवस विचारीन म्हणते, तर तुमचं आपलं मांजर खाली घे, आरसा वर कर."

मी थांबलो. दिग्दर्शक जगाकडे चौकटीतून पाहत होता, कॅमेरावाली आरशात पाहत होती, मॅडमनी सगळे चारदा तपासले होते, परीक्षकांनी त्यावर भाषण केले होते. दारात कोण आहे, हे आमच्यापैकी कुणीही ठरवले नव्हते.

"ते दुसऱ्या वर्षाला असतं," मी म्हणालो.

आत्या हसली. आम्ही जिना चढून तिच्या दारापाशी आलो. तिने पर्समधून किल्ली काढली. "शेवटच्या दिवशी तर मीच होते बाहेर," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवशी कोण होतं, ते मी ठरवलं होतं. त्याशिवाय दार उघडायचं कसं?"

"कोण होतं?"

"आता विचारतोस होय," आत्या म्हणाली. ती आत गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला.

ही हकीकत मी पुष्कळ जणांना सांगितली आहे. लोक माइकला हसतात, बाणाला हसतात, खुर्चीला नक्की किती गुण पडले ते खोदून खोदून विचारतात. आत्याच्या चेहऱ्याची हळहळही करतात. पण टकटक झाल्यापासून शेवटपर्यंत, दारात कोण उभे आहे असे मला मध्येच थांबवून अजून एकानेही विचारलेले नाही. तुम्हीही इथपर्यंत आलातच की.